ऑफसाइड

बारा दहाला फोन आला,
मैदानात घोटाभर पाणी, सामना रद्द,
मानधनाचं नंतर बघू.
मी तेव्हा लॉजच्या रजिस्टरात
‘येण्याचे कारण’ या रकान्यावर पेन धरून उभी.
यमूल मॅनेजरनं चष्म्यावरून पाहिलं.
सोबत कोण?
कोणी नाही.
‘खेळ’ लिहिलं होतं ते खोडलं,
‘शहर बघणे’ लिहिलं.

परतीची एसटी रात्री साडेदहाला.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पाऊस
चार महिने भाडेकरूसारखा घरात असतो,
कुणी मान वर करून बघत नाही.
इथं अख्खं गाव त्याच्या वतीनं माफी मागत होतं.
रिक्षावाला म्हणाला, असं नसतंय हो आमच्यात,
आजच यायलाय बगा.
शेंगाचटणीवालीनं पुडी तीन पिशव्यांत बांधली,
चौथी माझ्या डोक्यावर घातली.

किल्ल्यात मी एकटीच.
पहारेकऱ्यानं तिकीट फाडताना
माझ्या मागं कोण येतंय का ते वाकून पाहिलं.
बुरुजावरून खंदक दिसला, बाग दिसली,
बागेत एक ओला झोका, आपला आपण हलणारा.
सिद्धेश्वराच्या तळ्याशी एका जोडप्यानं
हातात फोन दिला, कानडीत काहीतरी म्हणाले.
तीन फोटो काढले.
तिन्हींत ती दोघं अस्पष्ट आणि पाऊस स्वच्छ.

मग लक्षात आलं,
तळ्याच्या काठानं मी आडवी चालतेय.
पाय रेषेला धरून, तोंड आत.
वीस वर्षांची सवय.
कोपऱ्यापासून मध्यापर्यंत आणि तिथून परत,
मैदानाचा निम्मा काठ एवढंच माझं गाव,
आणि आतलं कुणीच माझं नाही.

बारा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात
शेवटच्या मिनिटाला मी झेंडा वर केला.
गोल गेला. चषक गेला. चपला आल्या.
मी बरोबर होते.
आमचा भाजीवाला अजून विचारतो,
मॅडम, खरंच होता का हो ऑफसाइड?
आणि कोथिंबीर कधीच फुकट टाकत नाही.

पाचच्या सुमारास,
बंद गिरणीच्या भिंतीमागं
चिखलात नऊ पोरं आणि एक बॉल.
गोलाला एकीकडं दोन दप्तरं,
दुसरीकडं विटा.
कुणी ‘इटु रा’ ओरडतंय, कुणी ‘बिडोऽ’,
शिव्या मात्र सगळ्यांच्या मराठीत.
मी चादरीच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी होते.
कधी उतरले ते आठवत नाही.
रेषा नव्हतीच, तरी तिच्यावरून पळाले,
पाण्यातून, साडी नेसलेली नव्हते एवढं बरं.

भूमेश नावाचा काटकुळा पोरगा
सगळ्यांच्या पुढं एकटा उभा, हात वर,
हाताएवढाच लांब.
चांगला दोन हात पुढं.
बॉल आला, त्यानं ढकलला, दप्तरांच्या मधून गेला.
माझा झेंडा वर.
पिशवीतून कधी काढला होता?

नऊ जणं थांबली. पाऊस तेवढा थांबला नाही.
अरबाज म्हणून गोलकीपर होता,
ज्यानं आत्ताच गोल खाल्ला,
तोच माझ्याजवळ आला
आणि आजारी माणसाला समजवावं तसं हळू म्हणाला,
मॅडम, आमच्यात ऑफसाइड नसतंय.

नसतंय?
नसतंय.
मग पुढं उभं राहिलं तर?
उभं राहायचं की.

मी झेंडा गुंडाळला. ओला होता, नीट गुंडाळेना.
पुढच्याच लाथेला बॉल भिंतीपलीकडं गेला,
गिरणीच्या आवारात, धुराड्याच्या बुडाशी कुठंतरी.
सगळ्यात लहान तो, सिद्राम,
खांद्यावर चढला, भिंतीवर बसला, पलीकडं उतरला.

अंधार पडत आला होता.
आतून आवाज येत होता,
गवताचा, पत्र्याचा, त्याच्या एकट्याच्या बडबडीचा.
घरी कुणीच गेलं नाही.
मी घड्याळ पाहिलं,
मग बाही खाली ओढून घेतली,
आणि गेले, दोन विटांच्या मधे उभी राहिले,
जागा रिकामी होती म्हणून.